पुढचा ब्रेक कुठल्या हाताला?

डोई सुथेप डोंगराच्या उतारावर मी हँडलवरून पुढं उडालो, तेव्हा जमिनीला लागायच्या आतच चूक काय झाली ते मला कळलं होतं. आपल्याकडं सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. मोटरसायकललाही तसाच. त्या भाड्याच्या सायकलीला तो डाव्या हाताला होता. सुट्या खडीचा उतार, वळण जवळ आलेलं, आणि मी सवयीनं ‘मागचा’ समजून डावा ब्रेक करकचून दाबला. चाक थांबलं. मी थांबलो नाही.

ही तीन वर्षांपूर्वीची थायलंडमधली, चियांग माईची गोष्ट. उजव्या मनगटाला तडा, सहा आठवडे प्लास्टर. पुढं बरेच दिवस मी त्या गाइडच्या नावानं खडे फोडत होतो. चौदा जणांमागं तो एकटा, आणि सगळ्यांच्या पुढं पळणारा. मागं कोण पडलंय हे त्याला खाली पोचल्यावर, डोकी मोजताना कळलं. सायकल देताना त्यानं माझी उंची विचारली, सीट वरखाली केली, झालं. पण खरं सांगायचं तर मीही त्याला काही विचारलं नव्हतं. बुकिंग केलं होतं ते फोटो बघून. धुकं, बांबूची बनं, हवेत उडालेला एक गोरा पोरगा. विम्याची पॉलिसीही अशीच काढलेली. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. न चालणाऱ्या खेळांच्या यादीत माउंटन बायकिंग होतं, बंजी जंपिंगच्या शेजारी.

आता दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं पुन्हा परदेशी चाललोय, नेपाळला, खालच्या मुस्तांगमध्ये. रविवारच्या ग्रुपमधली पोरं विचारतात, सहलीची कंपनी कशी शोधलीस. फोनवर सांगून सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तिघं म्हणजे मी, डॉक्टर आणि मास्तर. माझं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरची दुरुस्ती करतो. डॉक्टर दातांचे. मास्तर खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवतात, आणि आमच्यात सगळ्यात चांगली सायकल तेच चालवतात. रविवारी पहाटे अनगोळ नाक्यावर जमायचं आणि कधी राजहंसगड, कधी जांबोटीच्या बाजूची लाल माती, कधी वैजनाथ नाहीतर महिपाळगड. शेवटचे दोन्ही चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दर महिन्याला दोन-तीनदा तरी आम्ही ही सीमा ओलांडतो. सायकलला अजून कुणी अडवलेलं नाही.

कुठं जायचं यावरून तीन आठवडे वाजलं. डॉक्टरांच्या डोक्यात इटलीतलं फिनाले लिगुरे होतं. समुद्राकाठचं गाव, मागं लगेच डोंगर. गाडीत सायकली टाकून वर न्यायचं आणि पायवाटांनी खाली समुद्रापर्यंत उतरायचं. “चोर्ला घाट उतरून गोव्याच्या पाण्यात पडल्यासारखं,” ते म्हणाले. ऐकायला झकास. पण युरोपच्या शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा, तिकीट, आणि तिथलं राहणं-खाणं, असं धरत धरत जो आकडा आला त्यात माझ्या शॉपसाठी एक जुनं लेथ मशीन आलं असतं. मास्तरांना भूतान हवं होतं. भूतान भारतीयांकडून दर रात्रीचे माणशी १,२०० रुपये घेतं, बाकीच्या परदेशी लोकांकडून १०० डॉलर. “आपण इथं तरी स्वस्तात पडतोय,” मास्तर म्हणाले. भूतान मलाही आवडलं असतं. ते राहिलं ते तारखांमुळं. मास्तरांची सुट्टी आणि आम्हाला परवडणारी ट्रिप यांचा मेळच बसेना.

नेपाळ मी काढलं. व्हिसा नाही, पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र चालतं, भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ हा दर ठरलेला. पण खरं कारण पैशांचं नव्हतं. दिवाळीनंतर तिकडं आकाश स्वच्छ असतं, आणि मुस्तांग हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. हे आम्हा बेळगावकरांना वेगळं समजवावं लागत नाही. पावसाळ्यात कणकुंबीला छत्री टिकत नाही आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं लोक आभाळाकडं बघत बसतात. तिथं सह्याद्रीऐवजी अन्नपूर्णा आणि धौलागिरी मध्ये उभे आहेत, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर. त्यांच्या पलीकडं सगळं कोरडं, करडं, उघडं. जंगलातल्या ओल्या मुळ्यांवरून घसरण्यापेक्षा हे मला बरं वाटलं. मनगट अजून पावसाळ्यात दुखतं.

मुस्तांगचे दोन भाग समजून घ्या. लो मान्थांगकडचा वरचा मुस्तांग, त्याला वेगळं आणि महागडं परमिट लागतं. खालच्या भागाला, म्हणजे जोमसोम, कागबेनी, मुक्तिनाथ या पट्ट्याला, अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं साधं परमिट पुरतं. आमचं बजेट खालच्या भागाचं होतं आणि कुवतही.

कुवतीचं बोलायलाच हवं, कारण तिथंच सगळे फसतात. कंपन्यांच्या पानांवर लिहिलेलं असतं, ‘दिवसाला ३० किलोमीटर’. मास्तर हसले, म्हणाले, एवढ्यात तर आपण कणकुंबीलाही पोचत नाही. पुढची ओळ कुणी वाचत नाही: चढ १,००० मीटर. हे हजार मीटर म्हणजे नेमकं काय, हे पायांना कळावं म्हणून आम्ही एका रविवारी महिपाळगडचा चढ चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, असं चढ मोजणाऱ्या घड्याळात आकडा भरेपर्यंत करायचं ठरवलं. तिसऱ्या फेरीला एका आजींनी आम्हाला थांबवून विचारलं, “काय हरवलंय काय रे बाबांनो?” पाचव्या फेरीला डॉक्टर वडाखाली आडवे झाले आणि म्हणाले, दवाखान्यात पेशंट वाट बघतायत. दिवस रविवारचा होता. घरी येऊन मी कंपन्यांच्या यादीतल्या चार ट्रिपांवर काट मारली.

उताराचंही तसंच. ‘मध्यम’ या शब्दाला काही अर्थ नाही, कुणाचा मध्यम? युरोपात एस-शून्य ते एस-पाच अशी पायवाटांची मोजपट्टी आहे. एस-शून्य म्हणजे सपाट मातीची सरळ वाट, एस-एकला छोटी मुळं आणि दगड, एस-दोनला सुटे दगड, पायऱ्या आणि आवळ वळणं, एस-तीनला मोठे धोंडे आणि एस-चारपासून चाक उचलून फिरवावं लागेल अशी वळणं. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग. वैजनाथच्या मागच्या बाजूनं आम्ही जी दगडी वाट उतरतो ती माझ्या मते एस-दोनच्या आसपास, आणि तिथं मी दोन ठिकाणी अजून पाय टेकतो. हे मी प्रत्येक कंपनीला लिहून पाठवलं, त्या दोन ठिकाणांच्या फोटोसकट. सहांपैकी तिघांनी उत्तर दिलं, “नो प्रॉब्लेम सर.” त्या तिघांनाही काट.

उरले तीन. त्यातली एक ट्रिप सगळ्यात स्वस्त होती आणि कार्यक्रम भरगच्च. पहिल्या दिवशी सकाळी पोखऱ्याहून विमानानं जोमसोम, तिथून जीपनं थेट मुक्तिनाथ, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी सायकल. डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला. दातांचे असले तरी डॉक्टरच. पोखरा साधारण आठशे मीटरवर, म्हणजे आमच्या बेळगावापेक्षा जेमतेम वर. मुक्तिनाथ सदतीसशेच्या आसपास. एका दिवसात सरळ तीन हजार मीटरची उडी, आणि झोपायचंही तिथंच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डोंगरातला सर्वमान्य नियम. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथून सुरुवात होते आणि दुर्लक्ष केलं तर पाणी फुफ्फुसात किंवा मेंदूत उतरतं. “ही माणसं पैसे वाचवत नाहीत, रात्री वाचवतायत,” डॉक्टर म्हणाले. मी त्या कंपनीला फोन केला. पलीकडचा पोरगा म्हणाला, “सर, ऑक्सिजन सिलिंडर है ना गाडी में.” होय की. सिलिंडरची दुरुस्ती करणाऱ्यालाच सिलिंडर सांगतोय.

दुसऱ्या कंपनीचं सगळं छान होतं, फक्त आमच्याशी बोलणारा माणूस आमच्याबरोबर येणार नव्हता. गाइड कोण, ते ‘नंतर कळवू’. आठवड्यानं विचारलं, तरी तेच. चियांग माईची आठवण झाली.

तिसऱ्या कंपनीनं थेट गाइडलाच व्हिडिओ कॉलवर बसवलं. मूळचा जोमसोमच्याच बाजूचा, चेहऱ्यावर उन्हाचे पट्टे, हिंदी आमच्यापेक्षा बरी. हिंदीचा हा मुद्दा मी आधी लक्षात घेतला नव्हता. आम्ही सीमेवरची माणसं. मराठी घरात, कन्नड कचेरीत, हिंदी बाजारात, कोकणी पाव्हण्यांकडं, असं तोंड फिरवत असतो. पण उतारावर मागून कुणी इंग्रजीत ओरडलं तर ते डोक्यात पोचायला अर्धा सेकंद जास्त लागतो. चियांग माईत कुणीतरी “फ्रंट ब्रेक!” असं ओरडलं होतं. मी खाली पडल्यावर त्याचा अर्थ लागला.

मी माझी यादी काढली. सायकल किती वर्षांची, मागचं सस्पेन्शन आहे का, टायर ट्यूबलेस का, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस किती तासांनी करता. बऱ्याच फोर्कना साधारण ५० तासांनी ती लागते, आणि मुस्तांगच्या धुळीत त्याआधीच. माझ्या शॉपमध्ये येणाऱ्या सिलिंडरांपैकी निम्मे धुळीनंच मेलेले असतात: वायपर सील झिजतं, धूळ आत जाते, रॉडवर ओरखडा पडतो, तेल गळतं. फोर्क म्हणजे शेवटी तेच. बहुतेक कंपन्यांनी या प्रश्नाला “वेल मेंटेन्ड” एवढंच उत्तर दिलं होतं. या गाइडनं मोबाईल उचलला, शेडमध्ये गेला आणि आमची सायकल असणार होती त्या सायकलीच्या फोर्कवर बोट फिरवून दाखवलं. तेलाची एक बारीक रेघ बोटावर आली. तो जरा ओशाळला, म्हणाला, हे सील या आठवड्यात बदलायचं आहे. त्या क्षणी माझं मन बसलं त्याच्यावर. गळकं सिलिंडर घेऊन येणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की काल-परवापर्यंत ठणठणीत होतं. आपणहून रेघ दाखवणारा मी क्वचित बघितलाय.

मग त्यानं आम्हाला विचारायला सुरुवात केली. वय? औषधं? याआधी किती उंचीवर झोपलाय? पडलाय का, कसे? मी मनगट दाखवलं. ब्रेक किती बोटांनी धरता? मास्तर म्हणाले, एका. डॉक्टर म्हणाले, दोन. मी खाली बघितलं तर माझी चारही बोटं टेबलाच्या कडेवर आवळलेली होती. तो म्हणाला, तिघांचाही उतरतानाचा व्हिडिओ पाठवा. चढतानाचा नको, उतरतानाचा. समोरून नको, बाजूनं. हे आम्हाला कुठल्याही कंपनीनं विचारलं नव्हतं.

रविवारी वैजनाथला गेलो. मास्तरांच्या शाळेतला एक विद्यार्थी मोबाईल धरायला आणला होता, त्याच्या मते आम्ही रील बनवत होतो. दोन दिवसांनी उत्तर आलं. मास्तर ठीक. डॉक्टर पाय ताठ ठेवतात, गुडघे सोडा. माझ्याबद्दल एवढंच: “बीचवाले भैया को पहले दो दिन मैं अपने ठीक पीछे रखूँगा.” मास्तरांनी तो मेसेज अजून जपून ठेवलाय.

त्यानं बनवलेल्या कार्यक्रमात मुक्तिनाथ थेट येत नाही. जोमसोम, मार्फा या सत्तावीसशे मीटरच्या पट्ट्यात आधी दोन रात्री, आसपास छोट्या फेऱ्या, मग कागबेनी, मग वर. सायकलवर बसायचं ते सकाळी लवकर. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपार जवळ आली की दक्षिणेकडून असा वारा सुटतो की जोमसोमची विमानंसुद्धा सकाळीच उडतात आणि उतरतात. हा वारा कंपन्यांच्या फोटोंत दिसत नाही. आम्ही सहाच्या वर माणसं नको म्हणालो होतो. तो म्हणाला, मी पाचाच्या वर घेतच नाही, आणि मागं एक पोरगा दुरुस्तीच्या सामानासकट असतो. सामान गाडीतून. अन्नपूर्णेच्या फेरीतली थोरोंग ला ही खिंड ओलांडायची, ५,४१६ मीटरची, असं डॉक्टरांनी मध्येच काढलं. यॅक अटॅक नावाच्या शर्यतीतली माणसं ती खिंड ओलांडायची म्हणे. ओलांडायची, गाइड म्हणाला, पण बराच वेळ सायकल त्यांच्यावर बसलेली असायची.

विम्याचं या वेळी मी आणि बायको दोघांनी मिळून वाचलं. ती एलआयसीचं काम करते, तिला बारीक अक्षर दिसतं. माउंटन बायकिंग स्पष्ट शब्दांत धरलेलं हवं, किती मीटर उंचीपर्यंत ते लिहिलेलं हवं, आणि हेलिकॉप्टरनं खाली आणायचा खर्च आधी कोण भरणार तेही. दोन पॉलिसी उंचीच्या आकड्यावर बाद झाल्या. तिसरी महाग आहे. घेतली.

आपल्या सायकली न्यायच्या का, यावर मास्तर अडून बसले होते. खोक्यात भरायची, वजन मोजायचं, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू, पुढं पोखरा, आणि दर ठिकाणी ती खाली कशी फेकतात ते काचेतून बघायचं. शेवटी ठरलं: हेल्मेट, हातमोजे, पेडल आणि मास्तरांची सीट एवढंच न्यायचं. पेडल काढताना डाव्या बाजूचा आटा उलटा असतो हे माझ्या शॉपमधल्या नव्या पोराला मी या निमित्तानं शिकवलं, त्यानं आधी एक गोल करून टाकल्यावर.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. चियांग माई तिला आठवत होतं. मुक्तिनाथ म्हटल्यावर मात्र चेहरा बदलला. गंडकीतला शाळिग्राम आमच्या देव्हाऱ्यात आहे, पणजोबांच्या काळापासून. तिथल्या १०८ धारांखाली अंघोळ कर, म्हणाली. मी म्हटलं, आई, दिवाळीनंतर तिथं पाणी गोठायला आलेलं असतं. “मग डोकं तरी भिजव.”

आगाऊ रक्कम भरायच्या आधी मी एक शेवटचा मेसेज केला. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे? उत्तर आलं, डाव्या. युरोपातले पाहुणे जास्त येतात म्हणून. तुमच्यासाठी बदलून ठेवतो. मी लिहिलं, बदलताना तेलाच्या नळीत हवा राहील, दोन्ही ब्रेक नीट ब्लीड कर, हवा काढून टाक. त्यानं अंगठा पाठवला. मला वाटलं, झालं, ही पण “नो प्रॉब्लेम सर”चीच जात.

चार दिवसांनी रात्री फोटो आला. शेडमधल्या दिव्याखाली ती सायकल, फोर्कला नवं सील, आणि उजव्या ब्रेकच्या दांडीवर पांढरी पट्टी गुंडाळून मार्करनं लिहिलेलं: अगाडि. डावीकडं: पछाडि.

आई शेजारी भाजी निवडत होती. मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं चष्म्याशिवायच वाचलं, नेपाळी असलं तरी अक्षर आपलंच.

“अगाडी-पिछाडी?” ती म्हणाली. “सायकल आहे की घोडा?”